पिलाटीज स्टुडिओ काढायला किती लागतात? पुण्यातलं गणित, माझ्या वहीतून

"ताई, स्टुडिओ काढायचाय, किती लागतील?" असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, महिन्याला किती जातील ते काढलंय का? बहुतेकांनी काढलेलं नसतं. मीही काढलं नव्हतं. मी सगळ्यात पहिलं कोटेशन मागवलं ते रिफॉर्मरचं, म्हणजे पिलाटीज या व्यायामाच्या मशीनचं, कारण डोळ्यासमोर तेच येतं ना, पांढऱ्या भिंती आणि ओळीने लावलेली मशिनं, आणि मग त्या मशिनांना पुरेल अशी जागा शोधत दोन महिने ॲक्टिव्हावरून फिरले. हे सगळं उलट्या क्रमाने करायचं असतं, म्हणून हे लिहितेय.

एक आधीच सांगते. खालचे आकडे कोथरूड-कर्वेनगर साइडला साधारण ७०० स्क्वेअर फूट कार्पेट आणि पाच रिफॉर्मर धरून मांडलेत, ते कुणाचं कोटेशन नाहीये, गणित कसं मांडायचं ते दाखवायला घेतलेत. तुम्ही कल्याणीनगर नाहीतर बाणेरला बघत असाल तर भाड्याची ओळ वेगळी येईल. आकडे बदला, ओळी तशाच ठेवा.

आधी ठरवा, मॅट की रिफॉर्मर

मॅट पिलाटीजला जागा सोडून फारसं काही लागत नाही. सोसायटीचा क्लबहाऊस, डान्स क्लासचा रिकामा हॉल, तासावर घ्या, मॅट आणि थोडे बॉल-बँड घ्या आणि सुरू करा. रिफॉर्मर म्हणजे ती लांब फ्रेम, त्यात रुळावर सरकणारी गादी, खाली स्प्रिंगा आणि वर दोऱ्या. खर्च इथून सुरू होतो. कॅडिलॅक, चेअर, बॅरल ही पिलाटीजचीच बाकीची उपकरणं म्हणजे पुढची मंडळी, पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेला जाऊच नका, त्यातल्या त्यात चेअर ठीक आहे कारण ती कोपऱ्यात मावते.

माझं मत विचाराल तर किमान तीन महिने तासाच्या हॉलवर मॅटचे क्लास घ्या आणि वीस माणसं अशी तयार करा की जी पावसात पण येतात. ही वीस माणसं नसताना पाच वर्षांचं ॲग्रीमेंट करणं म्हणजे नुसता जुगार आहे, मी तो खेळलेय, कसाबसा निभावला.

नावाबद्दल पटकन. जोसेफ पिलाटीज हा १८८३ साली जर्मनीत जन्मलेला माणूस, तो स्वतः आपल्या पद्धतीला कंट्रोलॉजी म्हणायचा, आणि २००० साली अमेरिकेतल्या कोर्टाने पिलाटीज हे व्यायामप्रकाराचं सर्वसाधारण नाव आहे, कुणा एकाचा ट्रेडमार्क नाही असा निकाल दिला. तेव्हा 'अमुकतमुक पिलाटीज' अशी पाटी लावायला फ्रँचायझी घ्यावी लागत नाही, कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर हसून चहा पाजा. पण स्टॉट पिलाटीज वगैरे ब्रँडची नावं मात्र परवानगीशिवाय पाटीवर टाकू नका. आणि आपलं 'अमुकतमुक' रजिस्टर करायचं असेल तर क्लास ४१ मध्ये (शिक्षण-क्रीडा सेवांचा ट्रेडमार्क वर्ग) ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज, व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ४,५०० रुपये सरकारी फी.

वहीचं पहिलं पान: महिन्याला किती जाणार

समजा भाडं ५५,०००. सोसायटी मेंटेनन्स ४,०००, लाइटबिल ८,००० (एसी आहे, लक्षात ठेवा, आणि मीटर कमर्शियल असतो), दुसरी इन्स्ट्रक्टर ३०,०००, सफाईच्या मावशी आणि संध्याकाळी रिसेप्शनला बसणारी मुलगी मिळून १४,०००, नेट-फोन-बुकिंग सॉफ्टवेअर ४,०००, टॉवेल धुणं आणि साफसफाईचं सामान ३,०००, जाहिरात ७,०००, सीए ३,०००. बेरीज १,२८,०००.

आता कर्ज. १० लाख, पाच वर्षं, ११ टक्के धरले तर हप्ता २१,७०० च्या आसपास. झाले दीड लाख. इथे सगळे थांबतात आणि म्हणतात चला, दीड लाख आले की सुटलो. तुमचा पगार? तो कुठेय? सकाळी सहाला शटर उघडणारी तुम्ही, रात्री साडेआठला बंद करणारी तुम्ही, आणि वहीत तुमच्यापुढे शून्य. मी पहिले आठ महिने हेच केलं आणि घरी सगळ्यांना वाटायचं स्टुडिओ छान चाललाय. किमान २५,००० लिहाच. म्हणजे पावणेदोन लाख.

आता जागा विका, म्हणजे रिफॉर्मरवरची एकेक सीट. ग्रुप क्लासचे माणशी ६०० रुपये सुटतात असं धरू. १,७५,००० भागिले ६००, म्हणजे महिन्याला २९२ सीट. पंचवीस दिवस चालू धरले तर दिवसाला १२. पाच रिफॉर्मर, सहा बॅचेस, ३० सीट, त्यातल्या १२, म्हणजे चाळीसच टक्के, सोप्पंय की! नाही सोप्पं. कारण दुपारी एक ते चार पुण्यात काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. खऱ्या विकल्या जाणाऱ्या बॅचेस चारच, सकाळच्या दोन आणि संध्याकाळच्या दोन, म्हणजे २० सीटमधल्या १२, साठ टक्के, रोज, ज्या दिवशी धो धो पाऊस आहे त्या दिवशी पण. हे वाचून पोटात गोळा आला असेल तर चांगलंय, तो आत्ता यायला हवा, ॲग्रीमेंटनंतर नको.

जीएसटी, हा भाग सीएसमोर बसून वाचा

सेवा देणाऱ्यांना वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे "आपण छोटे आहोत, आपल्याला काय" असं वाटतं. पण वरचं गणित परत बघा, पावणेदोन लाख गुणिले बारा, २१ लाख. म्हणजे नुसतं ना नफा ना तोटा करायला गेलात तरी तुम्ही रेषेच्या पलीकडे आहात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जिम, योगा, फिटनेस सेंटर यांच्या सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. लोकांनी पेढे वाटले. पण ५ टक्के आहे तो इनपुट क्रेडिटशिवाय. म्हणजे तुम्ही मशीनवर, इंटीरियरवर, भाड्यावर जो १८ टक्के भरता तो परत मिळत नाही, तो सरळ तुमचा खर्च. म्हणून प्रत्येक कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात 'जीएसटी एक्स्ट्रा' असतं ते शोधा आणि वहीत कायम टॅक्ससकट आकडा लिहा. तीन लाखांचं इंटीरियर टॅक्स धरून ३ लाख ५४ हजार होतं, ५४ हजार कुठून आणणार?

आणि भाडं. मालक जीएसटीत असेल तर तो १८ टक्के लावेल. मालक नसेल आणि तुम्ही नोंदणी केलेली असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून तो टॅक्स रिव्हर्स चार्जने तुम्हीच भरायचा. ५५,००० वर ९,९००, दर महिन्याला. शिवाय ६०० रुपये टॅक्स धरून घेत असाल तर त्यातले तुमचे ५७१. परत भागाकार करा, १,८५,००० भागिले ५७१, ३२४ सीट, दिवसाला तेरा. एक सीट वाढली, बास. पण ही एक सीट वहीत नसली की वर्षअखेरीला सीए फोन करतो आणि आवाज एकदम गोड असतो.

जागा बघायला जाताना टेप न्या

रिफॉर्मर साधारण आठ फूट लांब आणि दोन फुटांहून थोडा जास्त रुंद, पण माणूस हात-पाय बाहेर काढतो, इन्स्ट्रक्टरला फिरायला जागा लागते, म्हणून मी एका मशीनला ६५ ते ७० स्क्वेअर फूट धरते. पाच मशिनं म्हणजे ३५० पर्यंत, वर रिसेप्शन, कपडे बदलायला आडोसा, टॉयलेट, सामानाचं कपाट. ब्रोकर जे ९०० सांगतो ते बिल्टअप असतं, आत शिरून मोजलं की साडेसहाशे निघतात, आणि भाडं मात्र ९०० वर. मोजा, लाजू नका.

छताकडे बघा. गादी जमिनीपासून फूट-सव्वा फूट वर असते, त्यावर माणूस उभा राहून हात वर करतो आणि वर पंखा फिरतोय, हे चित्र एकदा डोळ्यासमोर आणा. पोटमाळा असलेली दुकानं याच कारणासाठी बाद.

जिना बघा. माझी पहिली फ्रेम दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकली, वर जाईना खाली येईना, हमालांनी शेवटी रेलिंग काढायला लावली आणि त्याचे पैसे, परत बसवायचे पैसे, आणि मालकाचं तोंड, सगळं माझ्या खात्यात.

बेसमेंट स्वस्त मिळतं, जुलैमध्ये जाऊन भिंतीला हात लावा आणि मग ठरवा. खालच्या मजल्यावर डॉक्टर किंवा ट्यूशन असेल तर जंपबोर्डचा (रिफॉर्मरला लावायची फळी, तिच्यावर पाय मारून उडी घेतात) आवाज जाणार, भांडणं होणार. टू-व्हीलर पार्किंग नसेल तर पुणेकर एकदा येईल, दुसऱ्यांदा नाही.

रहिवासी इमारतीतला फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी एनओसी आणि कमर्शियल वापराला परवानगी आहे का ते आधी, टोकन नंतर. "चालतं हो सगळीकडे" हे चेअरमनकाकांचं तोंडी वाक्य कुठल्याच कागदावर चालत नाही. महावितरणचा मीटर कमर्शियल आहे का, सँक्शन्ड लोड, म्हणजे मंजूर वीजभार, दोन एसी घेईल का हे पण विचारा, लोड वाढवायचा खर्च आणि वेळ दोन्ही आपलंच जातं.

लीव्ह अँड लायसन्सचं रजिस्ट्रेशन महाराष्ट्रात सक्तीचं आहे. स्टॅम्प ड्यूटी किती? पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून जे होतं त्यावर पाव टक्का. साठ महिने, ५५,००० भाडं, सहा महिन्यांचं म्हणजे ३ लाख ३० हजार डिपॉझिट धरलं तर ३३ लाख अधिक १ लाख ६५ हजार, त्याचा पाव टक्का साधारण ८,७००, वर रजिस्ट्रेशन फी १,०००. भाडं दरवर्षी वाढणार असेल तर थोडं जास्त. एजंट याच्या दुप्पट सांगेल, हा हिशोब त्याच्यापुढे ठेवा.

घासाघीस भाड्यावर करण्यापेक्षा दोन गोष्टींवर करा. एक, फिट-आउट पिरियड, म्हणजे इंटीरियर चालू असताना भाडं नाही. दोन, लॉक-इन, म्हणजे जेवढे महिने जागा सोडता येत नाही तो काळ. मालकाला लांब, तुम्हाला कमी. मालक भाड्यात हजार कमी करायला रडतो पण एक महिना फुकट द्यायला बऱ्याचदा तयार होतो, आणि तो महिना ५५,००० चा असतो.

आता घ्या रिफॉर्मर

भारतात बनलेले आणि बाहेरून येणारे यांच्या किमतीत खूप फरक आहे. बॅलन्स्ड बॉडी, मेरिथ्यू या परदेशी कंपन्यांच्या मशिनांना तोड नाही हे खरं, पण त्यांच्या वेबसाइटवरचा डॉलरचा आकडा रुपयात करून वहीत लिहू नका, त्यावर जहाजभाडं, कस्टम ड्यूटी, सरचार्ज, आयजीएसटी, क्लिअरिंग एजंट आणि मुंबईहून पुण्याला टेम्पो. ऑर्डर दिल्यापासून माल यायला महिने जातात आणि तेवढे महिने भाडं चालू.

मी इथे देशी मशीन, टॅक्स आणि वाहतुकीसकट १ लाख ६० हजार धरते, पाचाचे ८ लाख. विकणाऱ्याला विचारायचे प्रश्न: बॉक्स (गादीवर ठेवायची पेटी) आणि जंपबोर्ड किमतीत आहेत की वेगळे? (वेगळे असतात, बघाच.) स्प्रिंग तुटली तर किती दिवसांत येते? चाकं आणि दोऱ्या सुट्या मिळतात का? बसवायला आणि सर्व्हिसला कोण येतं, पुण्यातून की दिल्लीहून?

स्प्रिंगांवर जरा थांबते. एका मशीनला चार-पाच स्प्रिंगा, पाच मशिनांच्या वीस-पंचवीस. बॅलन्स्ड बॉडीचीच सूचना आहे की दर दोन वर्षांनी बदला, मग ती दिसायला चांगली का असेना. स्प्रिंग ताणलेली असताना तुटली तर माणसाला लागतं. म्हणून नवीन सेटची किंमत आजच विचारा, भागिले चोवीस, आणि तेवढे महिन्याला बाजूला काढा. मशीन कधी आलं, स्प्रिंग कधी बदलली याची तारीख टेपने फ्रेमच्या आतल्या बाजूला चिकटवा.

सेकंडहँड घ्यावं का? बंद पडलेल्या स्टुडिओचं असेल तर जरूर बघा, गादी अर्ध्यावर सोडून सरकवा, कुठे अडखळते का, रुळावर खाचा आहेत का, स्प्रिंगेच्या वेटोळ्यांमध्ये फटी पडल्यात का. स्प्रिंगा तर नवीनच घालायच्या, ते किमतीत धरा. सुतारकाकांकडून फोटो दाखवून रिफॉर्मर बनवून घेणं मात्र नको. काकांनी मला बॉक्स अप्रतिम करून दिले, पण स्प्रिंगेचा ताण घेणारी फ्रेम हे वेगळं काम आहे.

इंटीरियर: जे उचलून नेता येईल त्यावर पैसे घाला

माझा एकच नियम आहे, भिंतीत गेलेला रुपया मालकाचा. आरसे, एसी, दिवे, कपाटं, रोल करून नेता येणारं फ्लोअरिंग यावर करा, फॉल्स सीलिंग आणि कोरीव भिंतीवर नको. दिव्यांना तपकीर गल्ली, प्लायला टिंबर मार्केट, आणि रिसेप्शनचं टेबल मी रविवारी जुन्या बाजारात शोधून पॉलिश करून घेतलं, लोक अजून विचारतात कुठल्या डिझायनरचं. लॅमिनेटचं लाकडी फ्लोअरिंग फोटोत सुंदर दिसतं आणि ओल्या छत्र्यांनी पहिल्याच पावसाळ्यात कडेने फुगतं, व्हायनल घ्या. चपला-छत्र्यांचा स्टँड दाराबाहेर.

कागदपत्रं

यात पैसे फार नाहीत, चकरा आहेत. आपल्याएवढ्या छोट्या जागेला शॉप ॲक्टची ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, पूर्ण फुकट आहे, हजार-दोन हजार मागणाऱ्या साइट सरकारी नाहीत. प्रोफेशनल टॅक्स वर्षाला २,५००, पगारी माणसं असतील तर त्यांचा वेगळा नंबर. क्लासमध्ये गाणी लावणार असाल तर म्युझिक लायसन्स लागतं, नाहीतर गाण्याशिवाय शिकवा, मी तेच करते, श्वास ऐकू येतो.

इन्शुरन्स दोन, सामानाचा आणि पब्लिक लायबिलिटीचा. आणि पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून तब्येतीचा फॉर्म भरून घ्या, कंबरेत गॅप आहे, नुकतंच बाळंतपण झालंय, असं काही असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आल्याशिवाय मशीनवर घेऊ नका.

तुमचं स्वतःचं ट्रेनिंग पण याच बजेटमध्ये. पूर्ण कॉम्प्रिहेन्सिव्ह कोर्स साडेचारशे तासांच्या पुढे जातो, त्यात नुसती फी नाही, दुसऱ्या शहरात राहणं-खाणं आणि बुडालेली कमाई पण आहे. लोक हे "आधीच झालं होतं" म्हणून सोडून देतात, पण कर्ज काढून केलं असेल तर ते अजून झालेलं नाहीये.

आणि मग तो खड्डा

पहिल्या महिन्यात २९२ सीट भरत नाहीत. मी असं धरते: ८०, १३०, १७०, २१०, २५०, २९०. गुणिले ६००, वजा १,७५,०००. पहिल्या महिन्यात १ लाख २७ हजार कमी, दुसऱ्यात ९७, मग ७३, ४९, २५ आणि सहाव्यात एक हजार. बेरीज ३ लाख ७२ हजार. हे पैसे कुठल्याच दुकानात खर्च होत नाहीत म्हणून कुणाच्याच वहीत नसतात.

आता सगळं एका पानावर, लाखात:

डिपॉझिट ३.३०
दलाली ०.५५
ॲग्रीमेंट, वकील ०.१५
उघडण्याआधीचं दोन महिन्यांचं भाडं १.१०
रिफॉर्मर ८.००
मॅट, बॉल, रिंग, बाकी सामान ०.६०
इंटीरियर (टॅक्ससकट) ३.५०
एसी, वायरिंग १.२०
ट्रेनिंग २.५०
पाटी, वेबसाइट, कागदपत्रं, इन्शुरन्स ०.८०
पहिल्या सहा महिन्यांचा खड्डा ३.७२
सामान आणि कामावर दहा टक्के वरचे १.३३

२६ लाख ७५ हजार. त्यात मशिनं आठच लाखांची, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. जो माणूस "पाच मशीनचे आठ, इंटीरियरचे चार, बारा लाखांत होतंय" म्हणतो त्याला अर्ध्याहून जास्त रक्कम दिसलेलीच नाहीये. वरच्या दहा टक्क्यांना हात लावायचा नाही असं मी ठरवलं होतं, तिसऱ्या आठवड्यात लावला.

सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या 'तरुण' गटात ५ ते १० लाख तारण न ठेवता मिळतात, बँकेला सहा महिन्यांचं मोरॅटोरियम मागा, हप्ता उशिरा सुरू झाला की खड्डा तेवढा कमी, व्याज थोडं वाढतं ते वाढू दे. उरलेले पावणेसतरा लाख तुमचे, आईबाबांचे, एफडी मोडून, जसे असतील तसे, पण नातेवाइकांकडून घेतलेल्याची पण तारखेसकट चिठ्ठी करा.

एक मोह होणारच, पॅकेज. "वर्षाचं घ्या, तीस टक्के सूट" लावलं की पहिल्या महिन्यात खात्यात चार लाख दिसतात आणि माणूस लगेच कॅडिलॅकचं कोटेशन मागवतो. ते पैसे तुमचे नाहीत, ती अजून न शिकवलेल्या क्लासची उधारी आहे. मी तीन महिन्यांच्या पुढचं पॅकेज विकत नाही, आणि आलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवून क्लास झाला की तेवढेच इकडे घेते. कटकट आहे, पण कुणी गावाला चालले म्हणून रिफंड मागितला तर घाम फुटत नाही.

शेवटचं, कधी उघडायचं. गणपतीत दहा दिवस अर्धी बॅच गायब, दिवाळीत सगळी, मे महिन्यात मुलांच्या सुट्ट्या. आमच्या घरी हट्ट होता दसऱ्याचा, आणि दसऱ्यानंतर वीस दिवसांत दिवाळी, म्हणजे नवीन माणूस जेमतेम सहा क्लास करून फराळाला बसणार आणि परत येईल याची गॅरंटी नाही. मग आम्ही दसऱ्याला रिकाम्या जागेत नुसता नारळ फोडला, सुतारकाका, मी आणि सासूबाई, पेढे वाटले, आणि मालकाकडून फिट-आउट दिवाळीपर्यंत लिहून घेतलं. पहिली बॅच भाऊबीजेनंतरच्या सोमवारी सकाळी साडेसहाला, तीन जणी होत्या.